आबांच्या डोक्यातला पितांबर

मेहरूण, जळगाव
२० फेब्रुवारी १९९४

चि. पितांबर,

पाकिटावरचा पत्ता मी मुद्दाम कॉलेजच्या टाइपरायटरवर करून घेतला. माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते न फोडताच कुठेतरी सारून ठेवलं असतंस. आता फोडलंच आहेस तर पुढचं वाच. भांडायचं असेल तर वाचून झाल्यावर भांड.

अंकलेश्वरचा पत्ता तुझ्या सासऱ्यांनी दिला. मी परीक्षक म्हणून शिरपूरला गेले होते, तिथून एसटीनं सातपुड्याच्या पायथ्याला त्यांच्या पाड्यावर गेले. दिलवरसिंगांनी खाट टाकली, पाणी दिलं. "पोरगी, जावई बरे आहेत," म्हणाले आणि पत्ता सांगितला. मी कोण, कशाला आले, काही विचारलं नाही. ज्या घरानं परजातीची म्हणून त्यांच्या लेकीला भरल्या पंगतीत कानबाईच्या प्रसादाचा रोट वाढला नाही, त्या घरची मी. तू त्या दिवशी ताटावरून उठलास ते बरोबर केलंस, हे मी नऊ वर्षांत एकदाही मोठ्यानं म्हटलेलं नाही. आज म्हणते.

लिहायचं आहे ते आबांबद्दल. छातीत धस्स झालं असेल तर पाणी पी; आबा आहेत, जेवतात, शेजारच्या मळ्यातल्या झुलालशी राजकारणावर वाद घालतात. पण दिवाळीपासून त्यांना काहीतरी होतं. बोलता बोलता थांबतात. नजर दाराकडे लागते. ओठ चाटत राहतात, डावा हात लाकडासारखा ताठ होतो आणि उजवा हात मांडीवर चाळा करतो, मूठ भरल्यासारखा आणि सोडल्यासारखा. हाक मारली तरी ऐकू जात नाही. थोड्या वेळानं परत येतात आणि विचारतात, "काय सांगी ऱ्हायनी व्हती तू?"

ताईबाई फुईनं तो हात पाहिला आणि निकाल देऊन टाकला. आबांची धाकटी बहीण असून घरात हुकूम तिचाच चालतो, हे तुला सांगायला नको. तिचं म्हणणं असं की आबांच्या अंगात कानबाई येते. श्रावणात रोटांसाठी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं आपण सव्वा मूठ गहू काढतो ना, तीच मूठ देवी आबांच्या हातून आधीच मागते आहे. झालं! तसं व्हायला लागलं की फुई गव्हाचं सूप त्यांच्या पुढ्यात नेऊन ठेवते. आणि गंमत म्हणजे आबा त्या अवस्थेत खरंच गहू मुठीत घेतात, सोडतात. आता गल्लीतल्या बाया पाया पडायला येतात. नारळ तर इतके जमलेत की मीही दोन जळगावला आणले.

पण मागच्या आठवड्यात ते विहिरीच्या कडेला उभे असताना झालं. झुलालनं सदऱ्याला धरून मागे ओढलं म्हणून वाचले. सदरा टराटरा फाटला. तेव्हापासून मला वर्गात शिकवताना मध्येच ती विहीर दिसते.

मी त्यांना धुळ्याला डॉक्टरांकडे नेणार आहे. तू ये असं मी म्हणत नाही. तुला माहीत असावं म्हणून लिहिलं.

अक्का


धुळे
२० मार्च १९९४

चि. पितांबर,

तुझं उत्तर नाही. मी तशी अपेक्षाही धरली नव्हती. खोटं कशाला बोलू, पोस्टमन आला की गॅलरीत जाते.

आबांचा मेंदूचा आलेख काढला. ईईजी म्हणतात त्याला. पहिल्या खेपेला काढताच आला नाही, कारण फुईनं निघण्याआधी आबांच्या डोक्याला वाटीभर तेल जिरवलं होतं. "दवाखानामा कोल्लं डोकं लीसन जातस का?" कोरडं डोकं घेऊन जायचं नाही, असं तिचं म्हणणं. डोक्याला तारा चिकटवायच्या असतात, आणि तेलावर एकही तार टिकेना. तंत्रज्ञ बाईंनी कपाळाला हात लावला. शेवटी दवाखान्याच्या मागच्या नळाखाली मी माझ्या बापाला शिकेकाईनं न्हाऊ घातलं. त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले होते, लहान मुलं मिटतात तसे. मला इतकी माया आली त्यांची, पितांबर, की रडू येईल म्हणून मी उगाच त्यांच्यावर खेकसले.

मग तारा लागल्या. मेंदूतल्या पेशी रात्रंदिवस विजेनं एकमेकींशी बोलत असतात. ती वीज कवटी ओलांडून कातडीपर्यंत येते तेव्हा नावालाच उरलेली असते. यंत्र तिला मोठं करतं आणि सरकत्या कागदावर लेखण्या थरथरत रेघा काढतात. मी इतकी वर्षं फळ्यावर त्या लाटा काढून शिकवते आहे. डोळे मिटून निवांत पडलेल्या माणसाची लाट वेगळी, गाढ झोपेतली वेगळी. माणूस स्वप्न पाहतो आहे हे त्याला न उठवता मानसशास्त्राला कळलं ते ह्याच यंत्रामुळे. पण खऱ्या माणसाच्या लाटा मी आज पहिल्यांदा पाहिल्या, आणि तो माणूस आबा होते. खोलीत अंधूक उजेड, पंखा बंद, आणि त्या लेखण्यांचा खसखस आवाज. वाटलं, कुठेतरी दूर ज्वारीच्या शेतातून कुणी चालत येतंय.

आठवडी बाजाराच्या भिंतीबाहेर उभं राहून कान द्यावा तसं आहे हे. आत कल्ला कधी वाढला ते त्याच क्षणी कळतं, पण कोण कुणाशी भांडतंय ते नाही. आबांच्या उजव्या कानाच्या वर लावलेल्या तारांमधून टोकदार लाटा आल्या. डॉ. लीलाधर आपल्याच भागातले आहेत, पेशंटशी अहिराणीत बोलतात. म्हणाले, ही फिट आहे. हात-पाय झाडले नाहीत म्हणून कुणी ओळखली नाही.

मी त्यांना मुठीचं सांगितलं. माझ्या मनात आपलं असं की आबा त्या अवस्थेतही कुणाच्या तरी नावाची मूठ मोजत असतील. डॉक्टर हसले. म्हणाले, ह्या फिटमध्ये कुणी सदऱ्याची बटणं चाचपतं, कुणी चादर ओढतं, हाताला काय लागेल ते. सूप ठेवलं म्हणून गहू.

मग त्यांनी आबांना विचारलं, "आबा, ते व्हवाना पहिले काय वाटस?"

आबा माझ्याकडे बघेनात. म्हणाले, "शेंगा भुंज्याना वास येस. मंग पोऱ्या येस."

"कोना पोऱ्या?"

"मन्हा. पितांबर. नदीवरथून येस. वल्ला केस, खाकी चड्डी. दारमा उभा ऱ्हास. आते काही बोली, आते बोली... तितलामा जास."

हे मला माहीत नव्हतं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले.

डॉक्टरांनी समजावलं की मेंदूच्या त्या बाजूला जुन्या आठवणींचं काम चालतं, तिथे ठिणगी उडते म्हणून जुनं चित्र डोळ्यांपुढे उभं राहतं. गोळी आहे. सुरू केली की थांबेल.

"काय थांबी?" आबांनी विचारलं. "मूठ का पोऱ्या?"

"दोन्ही, आबा."

आबांनी टोपी घातली आणि उठले. मी बसस्टँडवर बसून हे लिहिते आहे. ते समोर उसाचा रस पीत आहेत, माझ्याकडे पाठ करून.

अक्का


मेहरूण, जळगाव
२४ एप्रिल १९९४

चि. पितांबर,

आबा गोळी घेत नाहीत. फुईसमोर तोंडात टाकतात, दाढेखाली धरतात आणि गोठ्यात जाऊन थुंकतात. मी पाहिलं. ओरडले, पाया पडले, विहिरीची आठवण दिली. ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाले, "अक्का, तो त्या टायमालेच येस ना माय."

गोळीनं तू यायचा थांबशील, म्हणून गोळी नको.

मध्ये नाशिकला सीटी स्कॅन झाला. क्ष-किरणांची नळी डोक्याभोवती गोल फिरते, प्रत्येक बाजूनं किती किरण अडले ते मोजते आणि त्या हिशोबातून संगणक मेंदूच्या चकत्या कागदावर मांडतो. रक्तस्राव, गाठ, पूर्वीचा मार असलं काही असेल तर दिसतं. अपघातानंतर माणसाचा स्वभाव का बदलला, बोलणं का गेलं, असल्या प्रश्नांना ह्या चकत्यांनी उत्तरं दिली आहेत. आबांच्या चकत्या मात्र स्वच्छ निघाल्या. फुई म्हणाली, "डोकं बठ्ठं चिरी टाकं आन काहीच निंघनं नही?" आबाही खूश, जणू परीक्षेत पास झाले. डॉ. लीलाधर म्हणतात, दोष फार बारीक असेल तर ह्यात दिसत नाही, मुंबईला एमआरआय करून घ्या.

इथे उन्हानं जीव नकोसा केला आहे. संध्याकाळी तलावाच्या कडेला जाऊन बसते. पाणी आटून मध्ये गेलंय, त्याच्यावर धुळीचा तांबूस उजेड पडतो आणि पलीकडचं काहीच धड दिसत नाही. म्हशी त्यातून निघतात तेव्हा आधी नुसता आवाज येतो. अशा वेळी मला वाटतं, आबांना तसंच होत असेल. सगळं पुसट, आणि त्यातून तू येतोस.

आता एक सांगते, हसायचं असेल तर हस. मला तुझा राग आला आहे. नऊ वर्षं मी दर शनिवारी गावी जाते. त्यांची औषधं, चष्मा, दाताचं, आईचं वर्षश्राद्ध, सगळं मी. आणि त्यांच्या डोक्यात ठिणगी उडते तेव्हा दारात तू! मी एकदाही नाही. डॉक्टरांना मी विचारलंसुद्धा, अगदी सहज विचारल्यासारखं, की तोच का दिसतो. ते म्हणाले, कुठली आठवण उसळेल ते कुणी सांगू शकत नाही, त्याचा प्रेमाशी संबंध लावू नका. मी मान हलवली. मनाला काही पटलं नाही.

चूल, विहीर, डिझेल इंजिनचा पट्टा. आबा ह्या तिन्हींजवळ रोज जातात. पुढची फिट त्यांना कुठे गाठेल ह्याची मला भीती वाटते. तू आलास, खरोखरचा दारात उभा राहिलास, तर त्यांना त्या दुसऱ्याची वाट बघावी लागणार नाही आणि ते गोळी घेतील. आता म्हणते, ये.

अक्का


मेहरूण, जळगाव
२९ मे १९९४

चि. पितांबर,

रेशमाचं कार्ड आलं. तुझं नाही, रेशमाचं. तिला माझा आशीर्वाद सांग, आणि सांगताना मान खाली घाल, कारण तू जे करायला हवं ते तिनं केलं. दवाखान्यात नोकरी करणारी बाई, तिनं नेमकं लिहिलं: एकटं सोडू नका, पोहू देऊ नका, फिट आली की तोंडात काही कोंबू नका, नाकाला कांदा लावू नका, कुशीवर वळवा. शेवटी लिहिते, "हे तुमची पत्रं वाचतात. वाचून झाल्यावर गच्चीवर जातात." आणि त्याखाली, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखं, "आमची मुलगी जूनमध्ये पहिलीत जाईल. तिचं नाव ह्यांनीच कळवावं असं मला वाटतं."

मुलगी आहे तुम्हाला! ते कार्ड हातात घेऊन मी जिन्यातच बसले. खालच्या बेबाबाईंना वाटलं मला चक्कर आली. आता नाव कळव. एवढं तरी कर रे.

मुंबईचं सांगते. एमआरआय म्हणजे चुंबकाचा बोगदा. आत जाण्याआधी अंगावरचा सगळा धातू उतरवायचा. आबांचा चांदीचा करदोडा आला आड. बिनकरदोड्याचं क्षणभरही राहायचं नाही, म्हणून त्यांनी आधी मला काळा दोरा आणायला पाठवलं, तो कमरेला बांधला, मग चांदीचा सोडला. बाहेर लोक खोळंबले होते.

आपल्या अंगात जिकडे तिकडे पाणी आहे, मेंदूत तर फारच. त्या पाण्यातले हायड्रोजनचे कण एरवी कसेही तोंड करून असतात. मोठ्या चुंबकात शिरले की प्रार्थनेला उभ्या पोरांसारखे एका दिशेला होतात. मग रेडिओलहरीची एक टिचकी मारतात, त्यानं ते डळमळतात आणि परत ओळीत येताना स्वतःच बारीक लहर सोडतात. कुठून कशी लहर आली ह्यावरून चित्र तयार होतं. क्ष-किरण नाहीत, चिरणं नाही. काचेतून मला आबांचे फक्त तळपाय दिसत होते, भेगाळलेले, एकमेकांना टेकवलेले. आत ठकठक ठकठक चाललेलं. माझं चित्त कुठच्या कुठे गेलं. वाटलं, आबा नाही आत, आपलं सगळं घर आत आहे, आणि त्याच्यातलं पाणी हळूहळू एका बाजूला वळतंय.

बाहेर आल्यावर आबा हिरमुसले होते. मी विचारलं, घाबरलात का? म्हणाले, "नही वं. मी डोया मिटात आन त्याले बलावं. माले वाटनं, तो फोटोमा इ. पन उनाच नही."

म्हणजे सगळा वेळ ते आत पडून तुला बोलवत होते, पितांबर. तुझा फोटो निघावा म्हणून.

गाडीत मी त्यांना नातीचं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. मग विचारलं, "कोनासारखी दिसस?" मला माहीत नव्हतं. नाव विचारलं, तेही माहीत नव्हतं. मी त्यांना केळं सोलून दिलं.

अक्का


गाव
३ जुलै १९९४

चि. पितांबर,

घरूनच लिहिते आहे, आईच्या खाटेवर बसून. जे झालं ते सांगते, माझ्या बाजूनं त्यात काही घालत नाही.

एमआरआयमध्ये दोष सापडला. उजव्या कानाच्या बाजूला, मेंदूत खोलवर, आठवणींच्या कामाचा एक लहानसा भाग असतो, तो आक्रसलेला आहे, वाळल्या खारकेसारखा. डॉक्टर म्हणतात, लहानपणी मोठा ताप येऊन झटके आले असतील, त्याचा वण. फुईला आजीनं सांगितलेलं आठवलं की आबा लहान असताना खरंच तसं झालं होतं आणि आजीनं त्यांना कानबाईच्या पायावर घातलं होतं. फुई त्यावरून पुन्हा कानबाईवर आली, तो भाग सोडून देते.

काल दुपारी आबांनी ती फिल्म मागितली. खिडकीशी उभे राहिले, उजेडावर धरली, चष्मा वर-खाली केला. एकेक चौकट बघत होते. मी म्हटलं, काय शोधताय? म्हणाले, "ह्यामा तो कथा शे?"

तू त्यात कुठे आहेस हे विचारत होते; मी हसले नाही. बोट ठेवून दाखवलं, इथे, हा पांढुरका ठिपका. पण हा तो नाही, ही फक्त जागा. मग वर्गात सांगते तेच त्यांना सांगत बसले. म्हटलं, आबा, परदेशात एक यंत्र आहे, त्यात माणसाला किरणं सोडणारी साखर टोचतात. मेंदूचा जो भाग काम करतो तो जास्त साखर खातो आणि चित्रात पेटलेला दिसतो. आता तर चुंबकाच्याच यंत्रात, साखर न टोचता, रक्त कुठे धावतंय ते पाहता येऊ लागलंय. माणसाला ओळखीचा चेहरा दाखवतात आणि कुठला भाग जागा झाला ते बघतात. भीती कुठे, भाषा कुठे, आठवण कुठे, हे सगळं आम्ही आता असं शिकतो आहोत. पण ते रंग संगणकानं भरलेले असतात. दिवा कुठल्या खोलीत लागला ते दिसतं, खोलीत कोण बसलंय ते नाही.

"मंग त्याले धाडस कोन?"

म्हटलं, कुणी धाडत नाही. तुम्ही पूर्वी पाहिलेलं तिथे साठलेलं आहे. ठिणगी पडली की त्यातलंच काहीतरी वर येतं. नवं काही येत नाही.

आबा फिल्म धरून तसेच उभे. बाहेर झुलालचं इंजिन चालू होतं. मला वाटलं फिट येते आहे, मी हात पुढे केला. पण फिट नव्हती, ते विचार करत होते.

"जे मी देखं नही, ते आठे नही?"

"नाही, आबा."

"मंग नात आठे नही."

"नाही."

"ती कव्हयच येवाव नही?"

कधीच नाही, अशी मी मान हलवली. त्यांनी फिल्म खाली केली, पाकिटात नीट घातली. त्या दाराकडे बघितलं जिथून तू येतोस. मग म्हणाले, "त्याले जाईसन नऊ वरीस व्हयनात, तरी आठे तो तितलाच. तो वाढस नही अक्का. मी मरापावत नदीवरथूनच येत ऱ्हाई. माले मोठा पितांबर देखना शे."

आणि मग, "आन ती गोयी."

पाण्यानं घेतली. तोंड उघडून दाखवलं मला, जीभ वर करून, शाळेतल्या पोरासारखं. मी स्वयंपाकघरात जाऊन खूप रडले. फुई येऊन शेजारी बसून राहिली.

अक्का


मेहरूण, जळगाव
३१ जुलै १९९४

चि. पितांबर,

गोळी लागू पडली. डॉक्टरांनी हळूहळू वाढवली, पहिले काही दिवस आबांना गुंगी होती, आता नाही. मूठ थांबली, ओठ थांबले. आणि तूही थांबलास. शेंगांचा वाससुद्धा येत नाही म्हणतात.

मला वाटलं होतं मी सुखानं झोपेन. पण आबांकडे बघवत नाही. घरातून कुणी गेल्यावर माणूस बसतो तसे बसतात. परवा मला म्हणाले, "सपनमा तरी येवाले पाहिजे व्हता." मी म्हटलं, येईल. त्याची जबाबदारी मी कशी घेणार, पण म्हटलं.

यंदा कानबाई चौदा ऑगस्टला, रविवारी. पंधराची सुट्टी आहेच. तुझ्या नावाची सव्वा मूठ आबांनी दर वर्षी काढली आहे, हे तुला ठाऊक नसेल; फुईनं मला आत्ता सांगितलं. ह्या वेळी त्यांनी फुईला बोलावून सांगितलं की रोट सुनेच्या ताटात पहिला पडेल, आणि तो मी वाढीन. फुई बोलली, कुलाचार, भाऊबंद, लोक काय म्हणतील. आबा म्हणाले, "लोकेसले मी सांगसू, मन्ही चूक व्हती." फुईचं अजून पटलेलं नाही. भांडी आपटते, माझ्याशी बोलत नाही. रेशमाला आधीच सांगून ठेव, म्हणजे तिला वाटायला नको की सगळं गोड गोड झालं आहे. पण आबा हे मनापासून म्हणाले. मी तिथे होते.

तुला घाई करायची नाही असं ठरवून हे पत्र लिहायला बसले होते. मग आज सकाळी गावाहून निघताना आबा माझ्या पिशवीबरोबर फाट्यापर्यंत आले. एसटी दिसायला लागली तेव्हा अचानक विचारलं, "अक्का, त्याले मिश्या शेतस का आते?"

मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं, मलाही माहीत नाही. तू गेलास तेव्हा नव्हत्या. आबा वाट बघत राहिले. कंडक्टरनं घंटी मारली तरी ते पायरीपाशी माझ्याकडे बघत उभेच होते, आणि मी इतकी शिकलेली बाई, मला त्यांना हो किंवा नाही सांगता येईना.

मिश्यांचं मला पत्रानं कळवू नकोस. त्यांना बघू दे.

अक्का